दुसऱ्या रिंगवर खैरियत

आमच्या घरचा फोन वाजला की कोणी उचलत नव्हतं. आरमोरीत तेव्हा फोन असलेली घरं थोडीच होती आणि फोन वाजला की हातातला घास टाकून धावायची रीत होती. आमच्याकडे उलटं. पहिली रिंग वाजली की सगळे गप्प बसायचे. दुसरी वाजली की टेबलावरचा डबा आपण होऊन फोन घ्यायचा. मग जे किंचाळणं सुरू व्हायचं, ते ऐकून नवा माणूस खुर्चीवरून उठून उभा राहायचा. डाल्याच्या काठाखाली कोंबडीची मान अडकावी तसा आवाज.

"चाचा, हे काय होय?" असं कोणी विचारलं की माझी बायको आतूनच सांगायची, "काई नाई. पोरगी आली."

पोरगी नागपुरात असायची. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, म्हणून बोलतही नव्हती.

माझा धंदा लाउडस्पीकरचा. लग्न, वरात, उरूस, गणपती, आणि दिवाळीनंतर धान निघालं की झाडीपट्टीची नाटकं. माझे भोंगे ब्रह्मपुरीपासून कुरखेड्यापर्यंत फिरले. शाळा मी चौथीपर्यंत केली, मराठी शाळा, आणि पुढे का केली नाही हे मी कोणाला सांगत बसलो नाही. पण आवाज मला कळतो. भोंगा कुठल्या झाडाला बांधला की कुठवर ऐकू जाईल, हे मी झाड पाहून सांगायचो. लोक म्हणायचे, "भाऊचा आवाज वैनगंगेच्या पल्ल्याड जाते." घरात एक लेकरू होतं, त्याच्यापर्यंत काही तो गेला नाही.

लहानपणी ती माझ्या स्पीकरच्या मोठ्या पेटीला पाठ लावून बसायची. अंगणात मशीन तपासायला लावलं की कुठूनही यायची, पाठ टेकायची, पंजा पसरून पेटीवर ठेवायची, डोळे मिटायची. तिच्या पाठीला काय कळत होतं, ते तिलाच ठाऊक. आवाज मात्र तिला होता. शब्द नव्हते. भूक लागली, पडली, मांजर दिसलं, की किंचाळायची. वरच्या पट्टीत, एकदम सरळ. मग तिला नागपूरला मुक्या-बहिऱ्या मुलांच्या शाळेत घातलं. तिथे तिला लिहिणं शिकवलं, दुसऱ्याचे ओठ पाहून समजणं शिकवलं, आणि किंचाळायचं नाही हेही शिकवलं. पहिल्या सुटीत घरी आली ती गप्पच. मायलेकी हातांनी बोलायच्या. आमच्या घरात बायांचं बोलणं सुरू झालं की पुरुष माणूस उठून ओसरीवर जातो. त्यांचं हातांचं बोलणं सुरू झालं तरी मी उठून जायचो. रीत ती रीत. त्या सुटीत मी ओसरीवर बसलो असताना बायको बाहेर आली आणि मला विचारलं, "अजी, हिचा आवाज त्यांनी ठेवून घेतला काय?"

मी म्हटलं, "शाळा आवाज ठेवून घेत नाई."

"मग कुठी गेला?"

मी तिच्यावरच ओरडलो.

शाळा संपल्यावर पोरगी नागपुरातच एका छापखान्यात लागली. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, असलं काम. खटखट कॉम्प्युटरवर अक्षरं लावायची. छापखानेवाले भाऊ सज्जन माणूस. त्यांच्या घरच्या बायांसोबतच ती राहायची. पत्र पाठवलं की आठवड्यानं पोचायचं, आणि आल्यावर मी वाचून दाखवलं तरी बायको म्हणायची, "हे तं गेल्या जुम्म्याचं होय. आज कशी आहे ते सांगा." घरात फोन होता, धंद्यासाठी घेतलेला. पण बहिऱ्या पोरीला फोन करून करायचं काय? छापखानेवाले भाऊ फोन घ्यायचे, "बरी आहे जी, जेवली जी," म्हणायचे. बायको फोन ठेवून म्हणायची, "आपल्या पोरीची खबर आपण पराया माणसाले विचारून राह्यलो."

आता आमच्या घरची एक रीत सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही. दारात माणूस आला की पहिलं 'सब खैरियत', मग पाणी, मग बसणं. बातमी त्याच्यानंतर. वाईट बातमी आणणाऱ्यानंही हेच करायचं, आणि ज्याच्या घरी वाईट झालं त्यानंही. दारात उभ्या माणसाला मातीची खबर द्यायची नाही. बहुतेक घरी ही रीत असते, पण माझी बायको त्यात फारच कडक होती. त्याला कारण होतं. तिचं माहेर पोंभुर्ण्याचं. तिचा बाप गेला तेव्हा तिकडून एक माणूस सायकलनं आणि मग एसटीनं आला. दारात म्हणाला, खैरियत है. पाणी मागितलं. ओसरीवर बसून सावकाश प्याला. मग सांगितलं. मला राग आला होता, इतका वेळ खोटं बोलला म्हणून. ती मला म्हणाली, "तो पाणी पिऊन राह्यला होता, तेवढ्या वेळ माहा बाप जिताच होता. तेवढा वेळ त्यानं मले देला."

ही गोष्ट तिनं पोरीलाही हातांनी सांगितलेली होती. गिलास, घोट, बाप, सगळं हातांनी.

मशीन आलं ते एका बकरी ईदला. छापखान्यात नवे कॉम्प्युटर आले आणि जुना भाऊंनी पोरीला देऊन टाकला. ती एसटीत पडदा मांडीवर घेऊन आली, बाकीचं पोत्यात. काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं. कीबोर्डवरची निम्मी अक्षरं बोटांनी पुसून गेलेली. आणि सोबत तो डबा, मॉडेम. कॅसेटपेक्षा थोडा मोठा, पुढच्या बाजूला लाल दिव्यांची ओळ. तसाच दुसरा छापखान्यात होता. पोरीनं पाटीवर लिहून मला समजावलं. हा डबा फोनच्या तारेला लावायचा. ती तिथून फोन लावणार. इथला डबा फोन घेणार. ती तिकडे अक्षर दाबेल ते इथे पडद्यावर दिसेल, आणि मी दाबेन ते तिकडे.

मी म्हटलं, "म्हणजे तार."

तिनं मान हलवली आणि लिहिलं, "तार नाही. बोलणं."

लोकांनी हसायचं ते हसून घेतलं. "चाचा, भोंग्यानं पोट नाई भरलं का तुमचं?" शेजारच्या मास्तरांनी तर मला सांगितलं की याला इंग्रजी लागते, तुमचं काम नाही. त्यांनी तसं म्हटल्यावर मग माझंच काम झालं. पोरीनं एका कागदावर एबीसीडी काढून प्रत्येक अक्षराखाली मराठी अक्षर लिहून दिलं आणि मी तो भिंतीवर चिकटवला. इंग्रजी अक्षरांतून आपलीच भाषा लिहायची. मला क आणि ख मधला फरक इंग्रजीत करता करता घाम फुटायचा, पण कोणाला बोलावलं नाही.

प्रोग्राम तिनं चढवला. त्यात एक शब्द होता, होस्ट. तो लावला की मशीन आपण होऊन फोन घेणार, मी समोर असो नसो. हा शब्द काय म्हणून मी विचारलं. तिनं पाटी घेतली नाही. उजवा हात गिलास धरल्यासारखा केला आणि पुढे केला.

बायको दारात उभी होती. म्हणाली, "हे तं पाणी देणं होय."

पोरीनं जोरात मान हलवली. बरोबर, तेच.

मग बायको पहिल्यांदा त्या मशीनजवळ आली. तोवर ती लांबूनच पाहत होती. आता तिला मशीनचं काम कळलं होतं, आणि काम कळल्यावर तिची मतंही सुरू झाली. कितव्या रिंगवर उचलायचं हे प्रोग्राम विचारत होता. मी म्हटलं, पहिल्याच. बायको म्हणाली, "नाई. पहिल्याच रिंगवर उचललं तं वाटते आपण दारातच उपाशी बसलो होतो. अन् तिसरीवर उचललं तं पाहुण्याले वाटते आपण नको होतो. दुसरी." दुसरी लावली. पुढे एक रकाना होता, फोन घेतल्यावर मशीननं पहिलं काय म्हणायचं. पोरगी आमच्याकडे पाहू लागली.

मी विचार करत होतो. बायकोनं विचार केला नाही. "लिही. सब खैरियत है. पानी पी. बैठ."

मी हसलो. म्हटलं, "अगं, फोनात पाणी कुठून पाजते?"

"तुमी भोंग्यात अख्खं नाटक पाजता, ते चालते. अन् माहं एक गिलास पाणी चालत नाई?"

पोरीनं ते तिच्या ओठांवरून वाचलं. इंग्रजी अक्षरांत ती तीन वाक्यं तिनं दाबली. माझ्या बायकोला लिहिता येत नव्हतं. अंगठा द्यायची. तिचं बोलणं कुठे लिहिलं गेलं असेल तर ते तेवढंच.

पोरगी गेली. रविवारी सकाळी लावीन असं ठरलं होतं, रविवारी फोन स्वस्त. आम्ही दोघं नाश्ता करून बसलो. फोन वाजला. पहिली रिंग. बायको उठली आणि मी अरे म्हणेपर्यंत तिनं फोन उचलून कानाला लावला. "हॅलो बेटा!"

पलीकडून नागपूरच्या डब्यानं तिच्या कानात किंचाळी फोडली.

ती घाबरली नाही. फोन तसाच धरून उभी राहिली. मी ओरडलो, "ठेव, ठेव, तुटलं ते!" तिनं हळूच फोन ठेवला आणि माझ्याकडे वळली तेव्हा तिचे डोळे भरले होते. म्हणाली, "तिचाच आहे. लहानपणीचा. अजी, तस्साच आहे."

"मशीन होय ते. सगळ्या मशीनी तशाच ओरडतात."

"तुमाले ऐकू नाई येत," ती म्हणाली. उभ्या तालुक्यात मला असं म्हणणारी ती एकटी.

त्या दिवशी मी नियम केला, या घरात फोन वाजला तर कोणी हात लावायचा नाही. डबा उचलेल. ती भांडली नाही, पण एक अट घातली. मशीन फक्त रविवारी लावायचं नाही. वीज असेल तेवढा वेळ लावून ठेवायचं. "पोरगी कधी बी येईल. दार बंद दिसलं तं?"

मग झालं असं की सगळ्यांचेच फोन डबा घेऊ लागला. जोगीसाखऱ्याहून एकानं पोराच्या लग्नासाठी भोंगा सांगायला फोन लावला, मग सायकल मारत घरीच आला. "चाचा, तुमच्या फोनात कोल्हा शिरला काय? माहा कान गेला नं बावा!" बायकोनं त्याला पाणी दिलं आणि म्हणाली, "कोल्हा नाई भाऊ, पोरगी होय." तो गिलास धरून माझ्याकडे पाहत राहिला. काही गिऱ्हाइकं परत आली नाहीत. नाही आली तर नाही आली.

सुरुवातीला पडद्यावर पोरीच्या शब्दांत कचरा यायचा. अक्षराला अक्षर, मग कंस, टिंबं, पाय मोडलेल्या खुणा. लाइनमनला बोलावलं. खांबावर चढून उतरला, म्हणाला, "लाइन साफ आहे चाचा, सारं बोलणं साफ ऐकू येते."

"माणसाले साफ. मशीनले नाई."

"मग मशीनले समजावा," असं म्हणून गेला. पुढे मला दिसलं की माझ्याच भोंग्याची मोठी तार फोनच्या तारेला चिकटून खाली आली होती, आणि तिची घरघर आत शिरत होती. ती तार मी वेगळी केली. पोरीनंही तिकडून वेग कमी केला. मग अक्षरं एकेक करून येऊ लागली, म्हातारा माणूस जिना चढतो तशी. पण धड यायची.

पोरगी दर रविवारी यायची. पहिलं पडद्यावर बायकोचं वाक्य, मग पोरीचं उत्तर. ते उत्तरही ठरून गेलं होतं. "पाणी प्याली. बसली." त्यानंतर मग बाकीचं. जेवण काय होतं, डोळे दुखतात, छापखान्यात उंदीर झाले. मी वाचून दाखवायचो. बायको ऐकायची आणि तोंड कसनुसं करायची. "हा तुमचा आवाज होय. तिचा तं एवढासाच येते अन् थांबून जाते."

खरं होतं. डब्यात छोटा स्पीकर होता. दोन्ही डबे एकमेकांना ओळखेपर्यंत तो किंचाळायचा, जोडणी झाली की गप्प. एका रविवारी मी पोरीला विचारलं, हा आवाज चालूच ठेवता येतो काय. तिनं लिहिलं, "येतो. पण कशाला? इथे सगळे म्हणतात घाण आवाज आहे."

मी दाबलं, "अम्मीला पाहिजे."

मग आलं, "कसा आहे?"

आयुष्यभर मी आवाज विकला. माझ्या पोरीनं तिचा आवाज कसा आहे असं मला विचारलं आणि मला सांगता येईना. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "लिहा, मांजर पाहून ओरडायची तस्सा." मी तेच लिहिलं. मग अक्षरं एकेक करून आली, "मी हसते आहे." आणि खाली डब्याला काय सांगायचं ते तिनं लिहून दिलं.

तेव्हापासून जोडणी असेपर्यंत डबा सुस् सुस् करत राहायचा, पाण्याच्या नळासारखा. मी टाइप करायचो आणि बायको शेजारी बसून सुपातले तांदूळ निवडत तो सुस्कार ऐकायची. कधी म्हणायची, "आज थकली आहे." मी पडद्यावर विचारलं तर पोरगी खरंच थकलेली असायची. आता बाई रोज काम करून थकणारच, त्यात काय. पण मी तसं बोललो नाही.

त्या रमजानला बायकोनं रोजे धरले नाहीत, पोटात दुखते म्हणाली. ईदला पोरगी आली तोवर बरी दिसत होती. नंतर उतरत गेली. गडचिरोलीला दाखवलं, तिथून दुसऱ्या डॉक्टरकडे. पोटात गाठ, आणि गाठ फार पुढे गेलेली. मी म्हटलं, पोरीला सांगतो. ती खाटेवर उठून बसली. "कुठी सांगता? फोनवर? दारात?" म्हणाली, "बकरी ईदले येईल. पाणी पिईल, बसेल, मग मीच सांगीन. तुमी नाई."

रविवारी खाट पुढच्या खोलीत आणायचो. पडद्यावर तेच वाक्य जायचं, सब खैरियत है. पोरगी विचारायची, अम्मी काय करते? बायको म्हणायची, लिहा, तांदूळ निवडते. मी लिहायचो. डबा सुस् सुस् करायचा, ती डोळे मिटून ऐकायची.

बकरी ईद यायची होती. उन्हाळा फार तापला होता. एका कामाच्या दिवशी सकाळी, फजरच्या नमाजीनंतर, ती गेली.

छापखाना उघडायची वेळ झाली तेव्हा मी फोन लावला. छापखानेवाल्या भाऊंनी उचलला. मी म्हटलं, "पोरीले घरी पाठवा जी. तिच्या अम्मीची तबियत सीरियस आहे."

"भाऊ, सीरियस म्हणजे?"

मी म्हटलं, "पाठवून द्या."

ते समजले. आपल्याकडे सीरियस म्हणजे काय हे सगळ्यांनाच कळतं. त्या उन्हात मय्यत ठेवता येत नव्हती. तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजीनंतर न्यायचं ठरलं. नागपूरहून लगेच निघाली असती तर त्याच्या आधी पोचली असती, तोंड पाहिलं असतं. मी फोन ठेवला, कब्रस्तानात जागा पाहायला गेलो. मग कफनाचं, मग लाकडी फळ्यांचं. घरात बाया जमल्या होत्या.

परत आलो तेव्हा दुपारची नमाज झाली होती. मागच्या अंगणात गर्दी. पुढच्या खोलीत कोणी नव्हतं. दारातच मला तो सुस्कार ऐकू आला.

शेजारची बाई आतून आली. "भाऊ, तुमचा फोन वाजला होता सकाळीच. तुमी मनता हात लावू नका, मनून कोणी नाई लावला."

पडद्यावर वर बायकोचं वाक्य होतं. सब खैरियत है. पानी पी. बैठ. खाली पोरीचं:

पाणी प्याली. बसली.

त्याच्याखाली मोकळी जागा. मग:

अम्मी?

मग:

बसली आहे.

भाऊंनी तिला कागदावर लिहून दिलं होतं, अम्मी सीरियस, घरी जा. आणि रिक्षा आणायला बाहेर गेले. तिनं कागद वाचला, आणि जाऊन फोन लावला. इथल्या डब्यानं दुसऱ्या रिंगवर उचलला आणि तिला बसायला सांगितलं. भाऊ रिक्षा घेऊन आले, तिच्या दंडाला धरलं, तर ती पडद्याकडे बोट दाखवायची. त्यांनी मला नंतर सांगितलं, "मी काय करू जी? ती बैठ हा शब्द दाखवे अन् पुन्हा बसे." दोन बस निघून गेल्या.

मी खुर्चीवर बसलो. हात कफनाच्या कापडाच्या खळीनं पांढरे झाले होते. भिंतीवरच्या कागदाकडे पाहून मी दोन अक्षरं दाबली. ये.

तिकडून आलं, "खैरियत?"

मी पुन्हा दाबलं. ये.

सुस्कार बंद झाला. तिनं तिकडून तोडलं होतं.

असरनंतर नेलं. थांबा म्हणून मी एकदा म्हटलं. मोठे लोक होते, त्यांनी आकाशाकडे आणि माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा म्हटलं नाही.

पोरगी दिवस बुडताना आली. दारात बायांनी रीतीप्रमाणे गिलास पुढे केला. तिनं घेतला नाही. आत जाऊन खाटेवर हात ठेवला, पंजा पूर्ण पसरून, जसा लहानपणी माझ्या पेटीवर ठेवायची. मग ओरडली. किती वर्षांनी. वरच्या पट्टीत, सरळ. बाया कानांना हात लावू लागल्या. मी तो आवाज ओळखला. माझ्या बायकोला जे ऐकू येत होतं ते मला त्या दिवशी ऐकू आलं.

चाळिसाव्यापर्यंत राहिली. माझ्याशी हातांनी बोलायची नाही, ते तिचं आणि अम्मीचं होतं. एके दुपारी ती मशीनसमोर बसली होती. मी जवळ खुर्ची ओढली आणि तिच्याकडून कीबोर्ड घेऊन लिहिलं, "त्या दिवशी काऊन बसून राहिलीस?"

तिनं कीबोर्ड आपल्याकडे घेतला. "पाणी पीत होती."

मग तिनं प्रोग्राम उघडला, तो रकाना समोर आणला आणि लिहिलं, "आता हे पुसा."

मी नाही म्हटलं.

"खोटं आहे," तिनं लिहिलं.

मी लिहिलं, "तिचं आहे."

तिनं हात कीबोर्डवर नेला. मी मशीनचं बटण बंद केलं. माझ्या घरातलं, माझ्या बायकोचं बोलणं, ते मी कोणाला पुसू देणार नव्हतो. पोरीलाही नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं ते मी इथे लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं गेली.

मी मशीन लावून ठेवलं. वाक्य तेच ठेवलं. पुढचा रविवार गेला, त्याच्या पुढचा गेला. लोक म्हणाले, चाचा, आता तरी फोन धड ठेवा, धंदा बसला. धंदा बसला हे खरंच होतं. नवीन पोरांनी मोठे बॉक्स आणले होते, भोंग्यांना कोणी विचारत नव्हतं.

मग बऱ्याच दिवसांनी एका रविवारी सकाळी फोन वाजला. पहिली रिंग. दुसरी. डबा किंचाळला, मग जोडला गेला आणि सुस्कार सुरू झाला. मी धावत जाऊन खुर्चीवर बसलो. पडद्यावर अम्मीचं वाक्य गेलं. मी उत्तराची वाट पाहिली. पाणी प्याली, बसली. काही आलं नाही. सुस्कार चालू होता. चांगला वेळ चालला, आणि मग तुटला.

पुढच्या रविवारी तसंच. त्याच्या पुढच्याही. ती एक अक्षर लिहीत नव्हती. फोन लावायची, ते वाक्य वाचायची, बसायची, आणि जायची. माझं बोट एकदा अक्षरावर गेलं होतं. ज किंवा त, काहीतरी साधं विचारायला, जेवली का, तब्येत. पण मग मला दिसलं की ती माझ्याकडे आलेलीच नव्हती.

मी बोट उचललं. डबा सुस् सुस् करत होता. मायलेकींचं चाललं होतं. मी उठलो आणि ओसरीवर जाऊन बसलो.